'म' की गुलाबी ठिपका?

11100000 10100100 10101110. हे तीन बाइट मजकूर म्हणून वाचले तर होतो 'म'. चित्रातल्या एका ठिपक्याचा रंग म्हणून वाचले तर लाल 224, हिरवा 164, निळा 174, म्हणजे फिकट गुलाबी. पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या संकेताने वाचले तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, चलनाचे एक चिन्ह आणि वर्तुळातला आर. मराठी ईमेल किंवा सबटायटल उघडल्यावर असला कचरा दिसला की फाइल खराब झाली, असे आपण म्हणतो. बहुतेकदा फाइल धडधाकट असते; वाचणाऱ्या प्रोग्रामने भलताच संकेत धरलेला असतो.

'संगणकाला फक्त बायनरी भाषा कळते' हे शाळेपासून ऐकलेले वाक्य म्हणूनच फसवे आहे. बायनरी ही भाषा नव्हे, संख्या मांडायची रीत आहे. कोणत्या संख्येला काय म्हणायचे ते माणसे ठरवतात. युनिकोडने 'म'ला 2350 हा क्रमांक दिला. तो तीन बाइटांत कसा बसवायचा, ते यूटीएफ-8 या संकेताने ठरवले.

'वीज आहे म्हणजे 1, नाही म्हणजे 0' हेही अर्धेच खरे. व्होल्टेज एका पातळीखाली असेल तर 0, दुसरीच्या वर असेल तर 1, आणि मधला पट्टा मोकळा; त्यामुळे थोड्याफार चढउताराने घोटाळा होत नाही. दोनच अवस्था हव्यात असा निसर्गनियम नाही. मॉस्को विद्यापीठात 1958 साली तयार झालेला 'सेतुन' संगणक तीन अवस्थांवर चालायचा. आजच्या अनेक मेमरी चिपमध्ये तर एकेका कप्प्यात विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखून तीन-तीन बिट ठेवतात.

एक अक्षर म्हणजे एक बाइट, हा हिशेब इंग्रजीपुरता. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण नऊ. एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरे मावतात, मराठीची 70 चिन्हे, ती याच प्रकारच्या हिशेबाने. तिथे प्रत्येक मराठी चिन्ह 16 बिट घेते. पण मराठी मजकुराने फोन भरतो, हे काही खरे नाही. पाच लाख चिन्हांची जाडजूड कादंबरी दीड एमबीत बसते. फोनवर काढलेला एखादा फोटो त्याहून मोठा निघतो.

खरा गोंधळ जुन्या डीटीपी फाइलींचा. 'कृतिदेव' या फॉन्टमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलीत साठवलेली असतात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही इंग्रजी अक्षरे. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो, इतकेच. 'म'च्या जागी तिथे 01100101 असते, म्हणजे 101, म्हणजे इंग्रजी ई. अशा फाइलीत युनिकोडमधला 'मराठी' शोधला तर सापडत नाही, आणि फॉन्ट बदलून युनिकोड होईल ही समजूतही चुकीची; त्याने मूळची इंग्रजी अक्षरे तेवढी उघडी पडतात. कन्व्हर्टर लावून बाइटच बदलावे लागतात, आणि त्यानंतर एकदा मुद्रितशोधनही करावेच, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास दगा देतात.