काजळीतला उंट

डोनाल्ड हफमन १९८२-८३ मध्ये अ‍ॅरिझोनाहून हायडलबर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेत वोल्फगांग क्रेट्श्मर यांच्याकडे आले, ते ताऱ्यांमधली धूळ प्रयोगशाळेत बनवायला. काचेच्या हंडीतली हवा काढून थोडा हेलियम सोडायचा, ग्रॅफाइटच्या कांड्यांतून जबर वीज खेळवायची आणि उडालेली काजळी पट्टीवर धरायची. हेलियमचा दाब वाढवला की त्या काजळीच्या अतिनील वर्णपटात जास्तीचे दोन उंचवटे यायचे. त्या नमुन्यांना दोघे ‘उंट’ म्हणू लागले. पण भेसळ झाली असणार, असं वाटून ते काम मागे पडलं.

१९८५ मध्ये क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांनी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलच्या आकाराचा रेणू असल्याचं जाहीर केलं. क्रोटोही ताऱ्यांभोवतीच्या कार्बनचाच माग काढत तिथे पोचले होते. माल मात्र इतका अल्प, की त्याचा अवरक्त वर्णपट घेणं अशक्य. सिद्धान्त सांगत होता, की इतका सममित रेणू अवरक्तात फक्त चार ठिकाणी प्रकाश शोषेल. हफमनना उंट आठवला. काजळी पुन्हा केली, आणि चार धारदार रेषा उमटल्या: ७.०, ८.५, १७.३ आणि १८.९ मायक्रॉनच्या आसपास.

एखादा तिथेच पेढे वाटून मोकळा झाला असता. या मंडळींनी आधी स्वतःवरच संशय घेतला. पंपाचं तेल तर नसेल? मग त्यांनी जड कार्बन-१३ ची काजळी केली. रेणू निव्वळ कार्बनचा असेल, तर चारही रेषा सारख्याच प्रमाणात, सुमारे ४ टक्क्यांनी, सरकायला हव्यात. बाहेरचं तेल असेल तर त्या जागच्या हलणार नाहीत. रेषा सरकल्या! मला या साऱ्या हकिकतीत हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

पुढे त्यांनी काजळी बेन्झीनमध्ये ढवळली आणि द्रावण लाल झालं. इंग्लंडमध्ये ससेक्सला क्रोटोंच्या चमूच्या हातीही तेव्हा असंच लाल द्रावण आलं होतं. ऑगस्ट १९९० मध्ये ‘नेचर’ने क्रेट्श्मर-हफमन यांचा निबंध परीक्षणासाठी पाठवला, तोही नेमका क्रोटोंकडे. शर्यत हरल्याचं वाचता वाचताच कळलं असेल. तरी त्यांनी तो छापण्याचीच शिफारस केली. असं मन सगळ्यांकडे नसतं.

२०१० मध्ये जान कामी आणि सहकाऱ्यांना स्पिट्झर दुर्बिणीच्या नोंदींत, पीठ तारकासमूहातल्या टीसी-१ या ग्रहीय तेजोमेघाच्या वर्णपटात, त्याच चार रेषा सापडल्या. स्पिट्झरचं शीतक मे २००९ मध्येच संपलं होतं, आणि त्याशिवाय असा वर्णपट घेता येत नव्हता. म्हणजे वर्णपट त्याआधीच घेतलेला, साठ्यात पडून होता. सोबत सत्तर कार्बनच्या रेणूच्या खुणाही निघाल्या. क्रोटो तेव्हा सत्तर वर्षांचे होते, आणि ही बातमी त्यांना मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे.