बाह्य लायब्ररीचा पत्ता : लिहावा की शोधावा?

विद्यार्थ्याने घरच्या लिनक्सवर केलेला सी भाषेतील प्रकल्प महाविद्यालयाच्या विंडोज संगणकावर बांधणीच्या पहिल्याच पायरीला अडतो, तेव्हा दोष पुष्कळदा तर्कात नसून पत्त्यात असतो. प्रतिमा-फाइली वाचणारी लिबपीएनजी ही लायब्ररी घेऊ. ६४-बिट डेबियनवर ती ‘/यूएसआर/लिब’ खालच्या, प्रोसेसरच्या नावाच्या फोल्डरमध्ये असते; फेडोरावर ‘/यूएसआर/लिब६४’ मध्ये. मॅकवर होमब्रूने बसवल्यास इंटेल यंत्रात ‘/यूएसआर/लोकल’ खाली, तर २०२० साली आलेल्या ॲपल सिलिकॉनच्या यंत्रांत ‘/ऑप्ट/होमब्रू’ खाली. विंडोजवर ठरलेली जागाच नाही. यांतील एखादा पत्ता प्रकल्पात कायम लिहिणे म्हणजे बाकीच्या यंत्रांवर तो अडवून ठेवणे होय.

सीमेक ही प्रणाली २००० साली किटवेअर कंपनीत आकारास आली. आयटीके हा वैद्यकीय प्रतिमांसाठीचा लायब्ररी-संच निरनिराळ्या यंत्रांवर बांधता यावा, ही त्यामागची निकड होती. सीमेकच्या फाइलीत ‘फाइंड-पॅकेज’ या आज्ञेने केवळ पीएनजी हवी असे सांगायचे. शोध सीमेक घेते. लिबपीएनजीसाठी लागणारी झेडलिबही तीच पाहते.

तरीही ‘सापडली नाही’ असा संदेश येतो. डेबियनवर त्याचे नेहमीचे कारण साधे असते: चालवण्यापुरती लायब्ररी बसलेली असते, पण ‘पीएनजी.एच’ ही हेडर फाइल ‘लिबपीएनजी-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमधून येते. लायब्ररी आडवाटेच्या फोल्डरमध्ये असेल, तर ‘सीमेक-प्रीफिक्स-पाथ’ हे चल आज्ञेसोबत द्यावे. त्यात मूळ फोल्डर लिहावा, आतील ‘लिब’ नव्हे. प्रकल्पाच्या फाइलीला मात्र हात लावू नये.

एकदा सापडलेला पत्ता सीमेक आपल्या कॅश-फाइलीत जपून ठेवते. त्यामुळे लायब्ररी हलवली तरी जुनाच पत्ता पुढे चालू राहतो, आणि पेनड्राइव्हवरून आणलेला बांधणीचा फोल्डर दुसऱ्या यंत्रावर निरुपयोगी ठरतो. अशा वेळी तो पुसून नव्याने बांधणी करणे बरे. तासभर डोकेफोड वाचते.

बांधणी झाली म्हणजे कार्यक्रम चालेलच असे नाही, कारण चालवताना शोध पुन्हा होतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टिम घेते. विंडोज डीएलएल फाइल प्रथम कार्यक्रमाच्याच फोल्डरमध्ये पाहते, पुढे ‘पाथ’ मध्ये. लिनक्सवर सीमेक बांधणीच्या वेळी लायब्ररीचा पत्ता कार्यक्रमातच नोंदवते, पण ‘इन्स्टॉल’ करताना, वेगळी सूचना नसल्यास, तो काढून टाकते. बांधणीच्या फोल्डरात उत्तम चाललेला कार्यक्रम इन्स्टॉल केल्यावर बंद पडतो तो बहुधा यामुळेच.