कंपाची रुजवात

देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या आश्रयाने, श्रीकरणाधिप म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला, आणि एरवी राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या पंडिताने मनुष्याच्या कंठातील थरथरीचाही हिशेब तितक्याच काटेकोरपणे मांडून ठेवला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटत आली आहे. श्रोत्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप तो गमक, असे सांगून त्याने गमकाचे 15 प्रकार वर्णिले आहेत. पाच ऱ्हस्व अक्षरे उच्चारण्यास लागणारा काळ तो लघू, त्याच्या निम्मा तो द्रुत आणि तिप्पट तो प्लुत. या मापाने द्रुताच्या चतुर्थांशात ज्याचा कंप पुरा होतो, डमरूच्या नादाची आठवण करून देणारा तो तिरिप, तृतीयांशात होणारा तो स्फुरित, अर्ध्यात कंपित, पुऱ्या द्रुतात लीन, लघूत आंदोलित आणि प्लुतात प्लावित. सर्वांत त्वरित तिरिप आणि सर्वांत मंद प्लावित यांच्यात अशा रीतीने 24 पटींचे अंतर पडते. उरलेल्या प्रकारांत शेजारच्या स्वराला स्पर्शून येणारा आहत आहे, तोंड मिटून घ्यावयाचा मुद्रित आहे, आणि स्वराला खाली लववणारा नामितही आहे.

यांतील बहुतेक नावे आज ग्रंथांतच राहिली. तालमीच्या खोलीत कानावर पडतात ती कण, मुरकी, खटका, जमजमा, मींड ही नावे. आणि जुन्यांपैकी आंदोलन व गमक ही दोन टिकली, परंतु त्यांतही गमक या शब्दाचा व्याप आक्रसून आज तो छातीतून जोराने येणाऱ्या, भरदार हिसक्याच्या स्वरांपुरता उरला आहे. कण म्हणजे मुख्य स्वरावर येता येता शेजारच्या स्वराला झालेला निमिषमात्र स्पर्श. मुरकी म्हणजे तीन-चार स्वरांची हलकी, चपळ गुंफण, जिच्याशी ठुमरीइतकाच आपल्या नाट्यसंगीताचाही जुना स्नेह आहे. खटका तिच्याहून ठसठशीत. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे. आंदोलन या सर्वांहून निराळे. त्यात स्वर आपले स्थान न सोडता मंदगतीने झुलत राहतो, आणि ते झुलणे कोठून सुरू व्हावे, कोणत्या स्वराला शिवून परतावे व किती वेळा, याचा निर्णय गायकाच्या लहरीवर नसून रागाच्या प्रकृतीवर असतो.

हे सारे शिकवले कसे जाते ते पाहावे म्हणून मी मिरजेतील एका बुवांच्या परवानगीने त्यांच्या सकाळच्या तालमीस बसत असे. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. बुवांच्या दोन्ही तंबोऱ्यांची जवारी तेथल्याच कारागिराने काढलेली असून, घोडीवर तारेखाली सुताचा धागा किंचित पुढे-मागे सरकवीत नाद खुलेपर्यंत बुवा कोणाशी बोलत नसत. त्या दिवसांत भैरव चालू होता. एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्यांनी षड्जावर बराच वेळ थांबविले आणि मग कोमल रिषभ घेण्यास सांगितले. मुलाने रिषभ लावला. तो सुरेल होता. बुवा म्हणाले, “लागला रे, पण उभाच राहिला. गंधाराला शिवून ये बघू.” मुलाने तो हलवताच ते पुन्हा म्हणाले, “थरथरू नकोस. थंडीनं काकडल्यासारखा होतोय तो. झुलू दे त्याला.” यानंतर त्यांनी एक युक्ती केली. गंधार व रिषभ हे दोन स्वर त्यांनी त्याच्याकडून आधी स्वच्छ, सुटे आणि अगदी विलंबित म्हणून घेतले; मग दोहोंमधील सांधा मिंडेने बुजविला; आणि शेवटी गंधारावर जाणे दरखेपेस थोडे थोडे कमी करावयास लावले, इतके की अखेरीस गंधार स्वर म्हणून ऐकू येईनासा होऊन केवळ त्याची ओढ रिषभात उरली. या क्रमात बुवांनी आंदोलन या शब्दाची व्याख्या एकदाही केली नाही, आणि मुलानेही ती विचारली नाही.

भीतीने, वार्धक्याने किंवा श्वास अपुरा पडल्याने कापणारा आवाज आणि हा झुलणारा स्वर यांतील भेद कानाला चटकन कळतो, पण तो शब्दांत मांडणे अवघड आहे. माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्या कंपात स्वराचे स्थानच डळमळते, दुसऱ्यात ते अधिक पक्के होते. म्हणूनच बुवा मुलाकडून हलणारा स्वर घेण्याआधी स्थिर स्वर घटविल्याशिवाय राहत नसत.

तालीम संपली की वडील शिष्य चीज वहीत उतरून घेई. हे काम मी फार आस्थेने पाहिले, कारण त्याच्या प्रत्येक खुणेमागे आपल्याच प्रांतातील दोघा विष्णूंचे परिश्रम आहेत. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि आपल्या लेखनपद्धतीत अर्ध्या, पाव अशा मात्राभागांनाही स्वतंत्र चिन्हे दिली, त्यामुळे अल्पातला अल्प स्वरही कागदावर मोजून मांडता येऊ लागला. पंडित विष्णू नारायण भातखंडे हे पेशाने वकील. साक्षीदाराची जबानी घ्यावी तशा चिकाटीने त्यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या छापून सर्वांस खुल्या केल्या. त्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, एका मात्रेत येणाऱ्या स्वरांखाली चंद्रकोर, मिंडेसाठी वर कमान, कणासाठी मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षर, आणि कंसात घातलेला स्वर म्हणजे वरचा, तो स्वतः, खालचा व पुन्हा तो स्वतः असा चार स्वरांचा झटपट फेरा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल तर निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, आणि त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाच्या साहाय्याने 22 श्रुतींचे मापन करून 1910 साली ते प्रसिद्ध केले. हिशेबनवीस, वकील, महसुली अंमलदार: दफ्तराची शिस्त अंगी मुरलेल्या या मंडळींनीच गळ्यातल्या अतिसूक्ष्म हालचालींचा पाठपुरावा करावा, हा मला आपल्या संगीताच्या इतिहासातील मोठा भाग्ययोग वाटतो, आणि स्वरलेखनाला कोरडे म्हणून हिणविणाऱ्यांशी माझे कधीच जुळले नाही.

परंतु बुवांच्या घरी नकलेवर थांबण्याची रीत नव्हती. तिची रुजवात होई. ज्या शिष्याने ती चीज ऐकलेली नाही त्याच्यापुढे वही ठेवून ती त्याच्याकडून गाऊन घेत, आणि लेखनातील उणीव तेथे उघडी पडे. भैरवाच्या त्या चिजेची रुजवात झाली तेव्हा नव्या मुलीने एकही स्वर चुकविला नाही, मात्रा चुकविली नाही, समेवर ती बिनचूक आली, तरीही अस्थायी पुरी होण्याआधीच बुवांनी हात वर केला व म्हणाले, “बाळ, छान वाचलंस. पण हा कालिंगडा झाला.” भैरव आणि कालिंगडा यांचे सातही स्वर तेच, कालिंगड्याचे रिषभ-धैवत सरळ, चालते, भैरवाचे मात्र आंदोलित व गंभीर. दरबारी कानड्याची गोष्ट अशीच आहे. त्याचा अतिकोमल गंधार मध्यमाच्या आधाराने झुलला नाही, तर स्वर तेच असल्यामुळे अडाणा किंवा जौनपुरी केव्हा डोकावेल याचा नेम नसतो. कंपाला अलंकारांच्या यादीत बसविणे मला म्हणूनच पटत नाही. अलंकार काढून ठेवला तरी व्यक्ती तीच राहते. येथे कंप काढला की रागच दुसरा होतो. पेटीच्या बांधीव सुरांवर हे झुलणे उमटत नाही, हा आक्षेप जुना आहे, आणि 1940 साली आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला तेव्हा त्यामागील कारणांत तोही एक होता. सरसकट बंदीचा तो हुकूम मला कठोर वाटतो, कारण चपळ मुरक्या आणि खटके पेटीवर सुंदर निघतात. पण भैरवाच्या रिषभापुरता आक्षेप खरा आहे.

वडील शिष्याने मग रिषभाच्या डोक्यावर गंधाराचा बारीक कण घातला, शेजारी स्वतःची अशी एक नागमोडी रेघ ओढली, आणि मुलीने पुन्हा गायिले. या खेपेस रिषभ हलला खरा, परंतु घाईने हलला. बुवांनी वही मागून घेतली आणि जुन्या कारकुनी वळणाच्या अक्षरात समासात लिहिले, “रिषभ समक्ष घेणे.” त्यानंतर अंतऱ्याची नक्कल सुरू झाली, आणि तेथे धैवताला निषादाचा स्पर्श असल्यामुळे तोच शेरा त्यांना पुन्हा लिहावा लागला.