कृतज्ञता अवघड का जाते?



व्याख्यानमालेला नियमाने येणाऱ्या मंडळींना एक गोष्ट मी सांगायला नको. व्याख्यान संपते, अध्यक्षांचा समारोप होतो आणि चिटणीस आभारप्रदर्शनासाठी ध्वनिक्षेपकापुढे येतात. ते 'आता मी' एवढे म्हणतात न म्हणतात तोच सभेत चुळबुळ सुरू होते. कोणी चपला शोधू लागतो, कोणी शेवटच्या बसची वेळ पाहतो. मंडप कोणी दिला, सतरंज्या कोणी घातल्या, ही नावे मग रिकाम्या होत चाललेल्या सभेपुढे वाचली जातात. मी स्वतः पुष्कळ वर्षे असाच उठून गेलो आहे. एका वर्षी मात्र त्या यादीत माझे नाव होते आणि ते ऐकायला पाचपंचवीस माणसेही उरली नव्हती. आजचा विषय माझ्या मनात प्रथम आला तो त्या दिवशी, हे प्रांजळपणे कबूल करतो.

आधी शब्दांकडे पाहू. 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. 'कृतघ्न' म्हणजे केलेले मारून टाकणारा. या दोन शब्दांत परतफेडीचा उल्लेखच नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्यासाठी कोणी काही केले आहे हे जाणणे, एवढीच पहिली अट. दुसरा शब्द 'आभार'. त्यात भार आहे, आणि आपण 'उपकाराचे ओझे' असेही म्हणतो. एकीकडे जाणीव आणि दुसरीकडे ओझे, अशी ही दुहेरी भावना आहे. तिची अडचणही या दुहेरीपणातच आहे.

आपल्या घरांत आईने ताट वाढले म्हणून कोणी 'धन्यवाद' म्हणत नाही. म्हटलेच तर 'परक्यासारखा काय बोलतोस?' असे ऐकावे लागते. हा आपला दोष आहे असे मी मानत नाही. जेथे माया गृहीत असते तेथे औपचारिक शब्द अंतर निर्माण करतो. पण या रीतीत एक धोका लपलेला आहे. जे बोलायचे नसते ते हळूहळू जाणवेनासे होते. मौन कशामुळे आहे, भावना भरलेली आहे म्हणून की आटली आहे म्हणून, हे मग बाहेरच्यालाच काय, आपले आपल्यालाही कळत नाही.

जाणीव आटते कशी, याची पहिली पायरी म्हणजे सवय. ज्यांनी दूरच्या विहिरीवरून घागरी वाहिल्या आहेत त्यांना घरात नळ आला तो दिवस आठवत असेल. पहिले चार दिवस माणसे नळाकडे कौतुकाने पाहतात. वर्षभराने त्याच नळाला तासभर पाणी आले नाही की नगरपालिकेचा उद्धार सुरू होतो. पाणी तेच असते, फक्त ते आपल्या दृष्टीतून नाहीसे झालेले असते. अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये सोडतीत मोठी बक्षिसे लागलेल्या 22 जणांची तुलना इतर सामान्य माणसांशी केली. हे भाग्यवंत फारसे अधिक सुखी नव्हते. उलट मित्राशी गप्पा मारणे, न्याहारी करणे, असल्या रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांहून कमीच आढळला. मन जे मिळाले त्याला जमीन समजते आणि त्यावर उभे राहून पुढचे मोजू लागते.

दुसरे कारण हिशेबाचे. आपले स्वतःचे कष्ट आपल्याला आतून दिसतात, दुसऱ्याचे बाहेरून, तेही जमले तर. कॅनडातील मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळे विचारले, की घरच्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर ती पुऱ्या कामाहून जास्त भरली. यात कोणी खोटे बोलत नव्हते. मी भांडी घासली हे मला आठवते, कारण हात माझे दुखले. तिने दूध तापवून, निववून, विरजण लावून ठेवले हे मला दिसलेच नाही, कारण तेव्हा मी झोपलो होतो. सकाळी दही तयार असते आणि दही आपोआप लागते असा माझा समज असतो.

तिसरे कारण याहून सूक्ष्म आहे. उपकार जितका पूर्ण, तितका तो अदृश्य. जो आजार झालाच नाही त्याबद्दल वैद्याचे आभार कोण मानणार? 1896 मध्ये मुंबईत प्लेगचा कहर झाला. वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ कलकत्त्याहून आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्यांनी काही महिन्यांत लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती टोचली गेली. 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. लस तयार करण्यात चूक नव्हती, बाटली उघडताना गावीच दोष शिरला असावा, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला 1907 साल उजाडले. 1925 मध्ये मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. विचार करा, दगावलेल्या 19 जणांची नावे सांगता येत होती, त्यांच्या घरचा आकांत ऐकू येत होता. वाचलेल्यांपैकी मात्र एकालाही 'मी वाचलो' हे कळण्याचा मार्ग नव्हता. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण स्वार्थी माणसाबद्दल वापरतो. येथे तर गरज होती हेच पुष्कळांना कळले नाही.

चौथे कारण सांगताना घरची गोष्ट सांगावी लागते. माझे वडील वार लावून शिकले. आठवड्याच्या सात वारी सात घरी जेवण. बुधवारचे घर एका विधवा बाईंचे होते. त्यांची स्वतःची स्थिती बेताचीच, पण बुधवार कधी चुकला नाही. वडील शिकले, नोकरीला लागले, कोट-टोपी घालून कचेरीत जाऊ लागले आणि त्या बाईंचे घर ज्या गल्लीत होते ती गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. हे त्यांनी मला उतारवयात सांगितले. त्यांना बाईंचा राग नव्हता. पण त्या बाईंच्या डोळ्यांत ते अजून फाटक्या सदऱ्यातले भुकेले पोर होते, आणि ते पोर आता त्यांना कोणाला दिसायला नको होते. महाभारतातला द्रुपद द्रोणांना ओळख दाखवीत नाही, तेही थोडेबहुत असेच. बालपणचा स्नेह मान्य केला तर राजाला आपले जुने, बरोबरीचे रूप मान्य करावे लागते. उपकार करणारा आपल्या पडत्या काळाचा साक्षीदार असतो, आणि साक्षीदार माणसाला नकोसा होतो.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. कृतघ्नतेची कारणे म्हणून त्याने स्वतःविषयीचा फाजील आदर, हाव आणि मत्सर ही तीन सांगितली आहेत. त्यांत मी लाज ही चौथी घालीन. लाजेने कृतघ्न झालेली माणसे वाईट नसतात. म्हणूनच त्यांच्यावर रागावून उपयोग होत नाही.

येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. कृतज्ञतेच्या नावाखाली दुबळ्याला वाकवले जात नाही काय? जाते. 'आमचे मीठ खाल्लेस' असे मालक नोकराला सुनावतो, तेव्हा ते मीठ नोकराने घामाने विकत घेतलेले असते. मजुरी हा उपकार नव्हे. हक्काने मिळायचे ते दान म्हणून वाढणारा मनुष्य कृतज्ञतेचा अपराधी आहे. कर्णाची शोकांतिका याच वळणावर उभी आहे. दुर्योधनाने त्याला मान दिला हे खरे, आणि त्या मानाच्या बदल्यात कर्णाने आपला विवेक गहाण टाकला हेही खरे. तेव्हा कृतज्ञता म्हणजे मिंधेपणा नव्हे. केलेले जाणावे, पण जाणणाऱ्याने न्यायबुद्धी विकू नये. ज्याला हा फरक समजला त्याला हक्क मागता मागताही कृतज्ञ राहता येते.

आता उपाय. भावना हुकमाने येत नाही. मुलाला 'कृतज्ञ हो' म्हणून दटावले तर ते फार तर शब्द म्हणायला शिकेल. पण लक्ष कोठे द्यायचे हे आपल्या हाती आहे आणि भावना पुष्कळदा लक्षाच्या मागून येते.

पहिला उपाय, तपशील पाहणे. 'सर्वांचे आभार' ही कोणाच्याच पदरात न पडणारी वस्तू आहे. आपल्या शेतकऱ्याला हे उत्तम कळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जेथे जू घासले नेमक्या त्या खांद्यावर हळद-तूप चोळतो. शिंगांना रंग आणि अंगावर झूल दुसऱ्या दिवशी, आधी खांदा. ज्याने आपल्यासाठी केले त्याचे कोठे दुखले हे शोधणे, याचेच नाव कृतज्ञता. तेव्हा घरी जाऊन 'तू फार करतेस' असे मोघम म्हणू नका. 'काल मी उशिरा आलो तेव्हा तू पुन्हा चूल पेटवलीस' किंवा आजच्या घरात 'पुन्हा गॅस पेटवलास' असे म्हणा.

दुसरा उपाय, थोडे लिहिणे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटावे अशा पाच गोष्टी लिहायला सांगितल्या, तर काहींना त्रासाच्या गोष्टी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटत होते. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात असेही दिसले, की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. यात नवल नाही, कारण कृतज्ञतेचीही सवय झाली की तिचा नळ होतो! म्हणून रोजच्या जपापेक्षा आठवड्याची एक सावकाश बैठक बरी.

तिसरा उपाय, बोलून टाकणे, आणि माणूस जिवंत असताना बोलणे. आपल्याला वाटते, इतक्या वर्षांनी कसे सांगावे, त्यांना विचित्र वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये दाखवून दिले, की आभाराचे पत्र लिहिणारा समोरच्याच्या संकोचाचा अंदाज फार मोठा करतो आणि त्याच्या आनंदाचा फार लहान. शोकसभेत आपण जी वाक्ये बोलतो त्यांतली अर्धी जरी आधी पोस्टाने गेली, तरी जगात पुष्कळ समाधान वाढेल.

चौथा उपाय सर्वांत कठीण. परतफेडीची घाई न करणे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली की संध्याकाळी दीड वाटी परत करणाऱ्याला आपण सज्जन म्हणतो, पण कधी कधी त्या दीड वाटीत सुटका करून घेण्याची धडपड असते. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात राम हनुमंताला म्हणतो, की तू केलेले उपकार माझ्या ठायीच जिरून जावोत, कारण परतफेडीची वेळ येणे म्हणजे तुझ्यावर संकट येणे. ऋणी राहण्याची तयारी दाखवणे, हे केवढे मोठे मन!

मग ऋण फेडायचेच नाही काय? फेडायचे, पण पुढे. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत आणि शतपथ ब्राह्मणात मनुष्यांचे चौथे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, पितरांचे संततीने, मनुष्यांचे आल्यागेल्याला अन्न आणि आसरा देऊन. येथे फेड जवळजवळ कोठेच देणाऱ्याच्या हातात परत जात नाही, ती पुढच्याकडे जाते. समाज म्हणूनही आपल्यावर अशी ऋणे आहेत. 1962 पासून कोयनेची वीज आपल्या घरांत आणि कारखान्यांत आली. त्या शिवसागर जलाशयाखाली कोणाची तरी घरे, देवळे आणि भाताची खाचरे आहेत. उठून गेलेल्या त्या कुटुंबांपैकी कितीकांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले. दिव्याचे बटन दाबताना हात जोडणे पुरेसे नाही. त्यांच्या मागणीला 'कटकट' न म्हणणे, ती आपली मागणी मानणे, ही कृतज्ञतेची नागरिक बाजू. जेथे केलेले जाणून काही करावेसे वाटत नाही, तेथे जाणीव अजून पुरती झालेली नाही असे समजावे.

वडिलांची गोष्ट अर्धी राहिली. पुष्कळ वर्षांनी ते एकदा त्या गल्लीत शिरले. बाई थकल्या होत्या, दृष्टी अधू झाली होती. वडिलांनी नाव सांगितले, पण नावाने त्यांना ओळख पटेना. मग वडील म्हणाले, "मी तुमचा बुधवारचा मुलगा." बाईंचा चेहरा उजळला. "अरे, तू! मेथी पानाच्या कडेला सारून ठेवायचास. तुझ्यासाठी बुधवारी मी मेथी करणे सोडले होते." वडिलांना हे कधीच माहीत नव्हते. एवढी वर्षे ते जेवणाबद्दल लाजत होते आणि जेवणातला खरा उपकार त्यांना दिसलाच नव्हता. त्यानंतर आमच्या घरी दर बुधवारी एक विद्यार्थी जेवायला येऊ लागला. पहिल्या दिवशी वडील त्याला फक्त एवढेच विचारीत, "कोणती भाजी आवडत नाही?"

माझे बोलणे संपले. आता चिटणीस आभार मानायला उठतील. कृपा करून पाच मिनिटे बसावे. सतरंज्या कोणी घातल्या आहेत, ते ऐकून जाऊ.