शिवार ते शहर (भाग ६) : भात विकायचा की तांदूळ?
गेल्या आठवड्यात भाजीचा हिशेब पाहिला. आसनगावला मालडब्यात चढलेली भाजी कल्याणला त्याच दिवशी खपवावी लागते. भात मात्र कणगीत थांबतो. म्हणून शहापूर-मुरबाडच्या दोन-तीन एकरवाल्याला प्रक्रिया करायचीच असेल, तर चिप्स-लोणच्यांच्या नादी न लागता त्याने भातापासून सुरुवात करावी, असं माझं मत.

२०२४-२५ला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. क्विंटलभर भात भरडला की साधारण ६५ किलो तांदूळ पडतो, बाकी तूस आणि कोंडा. म्हणजे तांदूळ किलोला ३५ रुपयांना पडला. डोंबिवलीत तो पन्नासाने गेला असं धरा, ३,२५० झाले. वरच्या ९५० रुपयांतून भरडाई, पिशव्या, टेम्पो वजा करा. तरी काही उरतं.

पण घोडं पेंड खातं ते कणीपाशी. गावच्या जुन्या हलरात भात लोखंडी रुळावर रगडला जातो, दाणा तुटतो, तूस-कोंडा एकत्र होतो. रबरी रुळांच्या गिरणीत आधी नुसतं तूस सुटतं, पॉलिश नंतर; दाणा अख्खा राहतो. भात ओला राहिला तरी कणी, जास्त वाळला तरी कणी. ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास हवा. जाणती बाई दाणा दाताखाली धरते, कट्‌ वाजला की पोती गिरणीला. शहरातलं गिऱ्हाईकही कमी नाही, मूठभर तांदूळ तळहातावर पसरून कणी बघतं आणि दर तिथेच पाडतं.

त्याचा पुढचा प्रश्न, “जुना आहे का?” जुना तांदूळ मोकळा शिजतो, पैसेही जास्त देतो. पण सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत फेडायचं, तर भात ठेवणार कसा? पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना यासाठीच, १९९०-९१पासूनची. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी ६ टक्क्यांनी कर्ज घ्यायचं. दहा पोत्यांसाठी एकट्याने हा खटाटोप परवडत नाही. वीस घरांनी मिळून केला तर जमतो.

गट झाला की पहिला ठराव नवीन गिरणीचा होतो! केंद्राच्या २०२०च्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलं आहे, त्यामुळे मोह होतोच. पण सुगीनंतर दोन महिने चालून मग धूळ खाणारी यंत्रं कमी नाहीत. दोन हंगाम दुसऱ्याच्या रबरी गिरणीत भरडावं, आधी गिऱ्हाईक बांधावं.

ते बांधायला २०१६पासूनचे संत सावता माळी आठवडे बाजार आहेत. मात्र भाजी दर आठवड्याला लागते, तांदूळ नाही. एरंडेल चोळून वर्षाचं धान्य भरणारी घरं डोंबिवलीत आता थोडी उरली, आता पाच-दहा किलोची मागणी. बाजारात नमुना द्यावा, नाव-पत्ता लिहून घ्यावा आणि पिशव्या थेट सोसायटीत पोचवाव्यात. पिशवीवर लेबल लागलं की अन्न परवाना आणि जीएसटीचे प्रश्न येतात, ते पुढच्या भागात.