पोकेमॉन खेळायचा असेल तर मूळचाच खेळा!

पोकेमॉन म्हटलं की आपल्याकडे कार्टून, नाहीतर फोनवरचा ‘पोकेमॉन गो’ आठवतो. ‘गो’ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये जिओच्या साथीने अधिकृतपणे आला. पण तो नकाशावर आणि नेटवर्कवर चालतो. आम्हा वेळणेश्वरकरांना मूळ खेळ जास्त सोयीचा, त्याला रेंजच लागत नाही.

या मूळ खेळाच्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या दोन आवृत्त्या २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्रावर आल्या. निर्माते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, खेळ त्यातूनच सुचला. प्राणी १५१. काही फक्त रेडमध्ये, काही फक्त ग्रीनमध्ये. म्हणजे दोन गेम बॉय केबलने जोडून मित्राशी अदलाबदल करणं आलंच. ही कल्पना मला आजही अफलातून वाटते. शेवटचा प्राणी म्यू तर शिगेकी मोरिमोतो यांनी कार्ट्रिजमध्ये ऐनवेळी उरलेल्या जागेत बसवला!

लढाई आळीपाळीने. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला. प्रत्येक प्राण्याकडे जास्तीत जास्त चार डाव. समजा, आपल्या पुळणीवर पळतात तसल्या खेकड्यासारखा क्रॅबी समोर आलाय. तो पाण्याचा, त्यामुळे बल्बासोरचा गवती वार त्याला दुप्पट लागतो. जोरात मारलात तर तो गारद, मग पकडणार काय? म्हणून बेताने थकवायचा, झोपवायचा आणि मगच त्याला पकडणारा बॉल टाकायचा.

नवख्यांनी सुरुवात बल्बासोरनेच करावी. खेळात ज्यांना हरवावं लागतं ते पहिले दोन जिम लीडर, ब्रॉक आणि मिस्टी, त्याच्यापुढे फार टिकत नाहीत.