कवळी आणि तिची डबी

सेवाग्रामी गांधीजी उतारवयात कवळी वापरीत. ती जेवणापुरती लावावयाची व मागाहून धुवून ठेवावयाची, असा त्यांचा परिपाठ होता. धुणे घरोघर होते. डबीकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि दुर्गंधीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. शिळ्या पाण्यात अन्नकण कुजतात, बुळबुळीत थर धरतो व धुतलेली कवळी रात्रभर त्यातच पडून राहते; मग टाळू लाल होऊन चुरचुरतो. म्हणून पाणी रोज बदलावे व कवळी तोंडात असेल तेव्हा डबी साबणाने घासून उघडी वाळवावी. कवळी मात्र कोरडी पडू देऊ नये, तिचा आकार बिघडतो; वर्ध्याच्या वैशाखात तर पाणी लवकर आटते. कढत पाण्यानेही तोच घात होतो. राखुंडीने चरे पडून मळ त्यांत दडतो. मऊ ब्रश व साधा साबण पुरे.